डोक्याची बाजू

आईच्या शवपेटीचं झाकण तेवढं घासायचं राहिलं होतं, तेव्हा दफनभूमीत कबरी खोदणारा म्हातारा कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. काम अर्धवट टाकून हा माणूस कधी कुठे जात नसे, म्हणून थोरल्या मुलाने रंधा बाजूला ठेवला. म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली, लाकडाचा वास झकास येतोय म्हणाला, आणि मग एकदाचं सांगून टाकलं. आईची जागा खोदता खोदता मधली माती ढासळली होती. शेजारी बाबांची पेटी होती आणि तिच्या बाजूची फळी कुजून गळून पडली होती. आतलं सगळं उघडं झालं होतं.

“डोकं भलत्या टोकाला आहे, मिस्त्री,” म्हातारा म्हणाला. “उगवतीकडे डोकं आणि मावळतीकडे पाय. मी दोनदा खाली उतरून पाहिलं.”

थोरल्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या सगळ्या मेलेल्यांचे पाय उगवतीकडे असत. शेवटच्या दिवशी प्रभू उगवतीकडून येईल, हाक मारील, आणि माणूस जागच्या जागी उठून बसला की समोर प्रभूच दिसेल, अशी पणजोबांच्याही आधीपासूनची समजूत होती. दफनभूमीतल्या रांगाच्या रांगा शाळेतल्या बाकांसारख्या एकाच दिशेला तोंड करून होत्या. त्यात एकटे बाबा उलटे झोपले होते.

म्हातारा भला माणूस. त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, की मिस्त्रींनी सांगितलं तर तो माती पुन्हा सारून देईल, दोन फळ्या आडव्या लावील, दुपारी आईला खाली सोडेपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही. थोरल्याने क्षणभर तसा विचार केला, खोटं कशाला बोला. मग त्याने अंगावरचा भुसा झटकला आणि घराकडे निघाला.

चूक कशी झाली हे त्याला विचारात पडून आठवायची गरज नव्हती. इतर सुतार पेटी खांद्यापाशी रुंद आणि पायांकडे निमुळती करतात. तिची डोक्याची बाजू आंधळासुद्धा हाताने चाचपून सांगेल. बाबांना तसली पेटी आवडत नसे. जिवंत माणूस कुणी निमुळता पाहिलाय का, असं म्हणून ते दोन्ही टोकं सारखी ठेवत, सरळसोट. खूण म्हणून झाकणावर डोक्याच्या बाजूला तांब्याचा एक खिळा मारत. देवळातल्या बाकांमधल्या चिंचोळ्या वाटेत पेटी फिरवावी लागते, तिथे खांदेकऱ्यांना त्या खिळ्याचाच आधार. बाबांच्या स्वतःच्या पेटीला तो खिळा नव्हता. आणि ती पेटी थोरल्याने, कुणाला हात लावू न देता, एकट्याने केली होती.

त्या वेळी बापलेकांचं बोलणं बंद होतं. थोरल्याने बाहेरून तयार पेट्या आणून विकायला ठेवल्या होत्या. आत मखमल, बाहेर चकाकतं पॉलिश. बाबा म्हणाले, माणसं पुरतोयस की कपाटात ठेवतोयस. शब्दाने शब्द वाढला, आणि त्यानंतर दोघांनी एकाच कारखान्यात दोन मेजांवर पाठीला पाठ लावून कितीतरी वर्षं काम केलं. निरोप असला की आईमार्फत जाई. एका सकाळी बाबांच्या रंध्याचा आवाज मध्येच थांबला. थोरल्याला ते ऐकू आलं. बाबा आपल्याकडे बघत असतील, आपण बोलावं म्हणून वाट पाहत असतील, असं त्याला वाटलं, आणि हट्टाने त्याने मान वळवली नाही. वळला तेव्हा बाबा भुशात पडलेले होते आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हे फक्त आईला माहीत होतं. तिने त्याला बोल लावला नाही. त्या दिवशी मी तुम्हा दोघांना समोरासमोर बसवणार आणि बोलायला लावणार, एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी म्हणजे कुठल्या, हे तिच्या लेखी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या बायका लेकीच्या लग्नाचं बोलतात तितक्या सहज ती पुनरुत्थानाचं बोले. थोरला देवळात झोपा काढणारा माणूस, पण आईच्या या एका वाक्यावर त्याने आजवरचे दिवस रेटले होते.

घरात आई आतल्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होती. उशाशी आत्या खुर्ची टाकून बसली होती. बाबांच्या पाठची ही बहीण. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. ताई, तिघा भावंडांत मोठी आणि जन्मभर नर्सचं काम केलेली, स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होती. धाकटा भाऊ विमा कंपनीत साहेब होता आणि रविवारी देवळात वचन वाचायला उभा राही. दुपारी वाचायचा उतारा तो तरुण पाळकांना दाखवत होता. थोरल्याने चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं.

धाकट्याने बायबल मिटलं.

“आणि खिळा?” त्याने विचारलं.

“नव्हता.”

“नव्हता म्हणजे पडला?”

“मारलाच नव्हता मी.”

धाकटा उभा राहिला. तो सहसा चिडत नसे. चिडला की त्याचा आवाज वाढायच्या ऐवजी बारीक होई, तसा आता झाला. “पाळक, ऐकलंत ना तुम्ही? दर पेटीला हा आठवणीने खिळा मारतो. परक्याच्या पेटीला मारतो. फक्त बापाच्या पेटीला विसरतो.”

ताई हात पुसत बाहेर आली. लहानपणापासून धाकट्याला तोडून बोलायचं काम तिचं, त्यामुळे थोरल्याला वाटलं ती आता त्याला गप्प करील. पण तिचंही तोंड उतरलं होतं. इतकी वर्षं आपण दर वाढदिवसाला तिथे जाऊन बाबांच्या पायाशी फुलं ठेवत होतो म्हणजे, असं काहीतरी ती पुटपुटली आणि धाकट्याच्या शेजारी जाऊन बसली. आत्तापर्यंत या घरात ताई आणि थोरला एका बाजूला आणि धाकटा दुसऱ्या, असा हिशोब होता. तो एका क्षणात उलटला.

“बोलत नव्हतास ना त्यांच्याशी,” धाकटा म्हणाला. “म्हणून मेल्यावरसुद्धा त्यांना सगळ्यांकडे पाठ करून झोपवलंस. सगळी मंडळी उठेल आणि प्रभूला बघेल. आमचा बाप तेवढा भिंतीकडे तोंड करून बसेल, शिक्षा झालेल्या पोरासारखा. हे तू मुद्दाम केलंस, दादा.”

याला उत्तर होतं. थोरल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण बापाचा एक वारसा त्याने पुरेपूर घेतला होता. आळ आला की तोंडात गुळणी धरायची. त्याने मान खाली घातली आणि फरशीकडे बघत राहिला.

त्याची बाजू घेतली ती आत्याने, आणि याचं सगळ्यांना नवल वाटलं, कारण तयार पेट्यांच्या भांडणात तिनेच भावाचे कान भरले होते. ती म्हणाली, की या ठोंब्याला मुद्दाम काही करता आलं असतं तर आज त्याचा मोठा कारखाना असता. मुद्दाम करायला डोकं लागतं. धाकट्याने तिला, तुम्ही मध्ये पडू नका आत्या, असं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, की मध्येच पडायला मी इथं आलेय, गुडघे दुखत असताना.

पाळक बिचारे कात्रीत सापडले होते. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की दिशा ही आपली आठवण आहे, देवाची अट नाही. किती विश्वासणारे समुद्रात बुडाले, किती आगीत गेले, कुणाची मूठभर हाडंही उरली नाहीत. जो धुळीतून माणूस उठवणार आहे त्याला डोकं कुठे आणि पाय कुठे हे आपण सांगायला नको. पुरलेलं शरीर बियाण्यासारखं आहे. जे पेरतो तेच जसंच्या तसं वर येत नाही, त्याहून फार चांगलं येतं.

“ते सगळं खरं हो,” आत्या म्हणाली. “पण आमचा भाऊ पेरतानाच उलटा पेरलाय.”

“बी उलटं पडलं तरी कोंब वरच येतो, आजी,” पाळक म्हणाले.

ताईला हसू फुटलं. इतका वेळ कोंडून धरलेलं ते हसू, ते थांबेना, आणि थांबता थांबता त्याचं रडं झालं. ती उठून आईच्या खोलीत गेली आणि चादरीवर डोकं ठेवून रडत राहिली. मग कुणीच हसलं नाही. पाळक खरं तेच सांगत होते, हे सगळ्यांना कळत होतं. पण आईने जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी तिच्या शेजारचा माणूस पाठमोरा असेल, हे डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

वेळ थोडा होता. धाकट्याचं म्हणणं पडलं की बाबांना आत्ताच्या आत्ता सरळ करायचं, कबर खोदणाऱ्याला सांगितलं तर तो तासाभरात करून देईल. ताई डोळे पुसत दारात आली आणि तिने साफ नाही म्हटलं. हाडं सुटी झालेली असतात, सरळ करायचं म्हणजे वेचायचं, आणि आपल्या बापाला कुणी फावड्याने वेचलेलं ती खपवून घेणार नव्हती. आत्याने तिसरंच काढलं, की मग वहिनीलाही उलटीच ठेवा, निदान दोघं एका दिशेला बघतील. त्यावर धाकटा एवढा दुखावला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाने चूक केली म्हणून आईनेही प्रभूकडे पाठ करायची का, असं त्याने विचारलं. पाळकांनी हात जोडले आणि हा निर्णय घरच्यांनीच घ्यावा म्हणून सांगितलं. तेव्हा सगळे, अगदी धाकटासुद्धा, थोरल्याकडे बघू लागले. बाबा गेल्यापासून शेवटचा शब्द त्याचा असे, आणि ती सवय रागातही सुटली नव्हती.

“मी आधी बघून येतो,” थोरला म्हणाला.

दफनभूमीत तो पोचला तेव्हा म्हातारा झाडाखाली भाकरतुकडा सोडून बसला होता. त्याला हातानेच बसायची खूण करून थोरला शिडीवरून खाली उतरला. खाली ओल्या मातीचा गारवा होता. ढासळलेल्या बाजूला काळी पडलेली फळी, सदऱ्याची दोन बटणं, आणि पलीकडच्या टोकाला बाबा. ओळखायला वेळ लागला नाही. आयुष्यभर दातांत खिळे धरून पुढच्या दाताला खाच पडली होती, ती तशीच होती. त्या खाचेतून ते शीळ घालत. थोरला तिथेच, आईच्या जागेत, खाली बसला.

वरून माती पडली. धाकटा मागोमाग आला होता आणि काठावर उभा होता. काळा कोट, पॉलिश केलेले बूट.

“आता इथे तिसरं कुणी नाही,” तो म्हणाला. “एकदाच खरं सांग आणि मग मी आयुष्यात पुन्हा विचारणार नाही. रागाने केलंस?”

थोरल्याने वर पाहिलं. वरच्या माणसाला खालून उत्तर देणं सोपं गेलं असावं, किंवा बाप समोर होता म्हणून असेल.

“खिळा झाकणावर मारतात,” तो म्हणाला. “डोक्याच्या बाजूला. म्हणजे खाली तोंड असतं, अगदी बरोबर खाली. बाकीचे स्क्रू पिळायचे असतात, त्यांचा आवाज होत नाही. ते सगळे पिळले मी. मग खिळा धरला, हातोडी उचलली.” तो थांबला. “बापाच्या तोंडावर हातोडी कशी मारायची, तू सांग. दोनदा उचलली. हात खालीच येईना. म्हटलं राहू दे, मी स्वतः खांद्याला असणार आहे, मला माहीतच आहे डोकं कुठे ते. आणि देवळात पेटी फिरवली तेव्हा मला समोरचं काही दिसत नव्हतं.”

“खडूने खूण करायची होतीस.”

“सुचलं नाही.”

धाकटा पाठमोरा झाला आणि शिडी उतरू लागला. त्याला सुतारांच्या घरात जन्मूनही शिडी नीट उतरता येत नसे. बूट चिखलात रुतले, कोटाची बाही मातीत बरबटली. जागा दोघांना पुरण्यासारखी नव्हती. तो भावाला खेटून बसला आणि त्याने बाबांकडे पाहिलं. मग थोरल्याचा हात हातात घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना थोरला त्याचा धरत असे, तसा नाही. आजारी माणसाचा धरतात तसा.

“आज सकाळपासून आईचा खिळा मारायचा राहिलाय,” थोरला म्हणाला. “मी झाकणच पुन्हापुन्हा घासतोय.”

“कळलं,” धाकटा म्हणाला.

वर काठाशी आलेल्या म्हाताऱ्याने खाकरून घेतलं. फिरवायचं की नाही ते त्याला कळायला हवं होतं. थोरला उठायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. तो पुन्हा होता तसा बसला, पाठ मावळतीच्या भिंतीला लावून, पाय उगवतीकडे सोडून. आईचं डोकं इथेच येणार होतं. उठून ती बसणार होती ती इथेच, अशीच. आणि तिकडे, तिच्या पावलांच्या टोकाला, बाबा उठून बसणार होते. पाठ उगवतीला. तोंड इकडे.

“अरे,” तो म्हणाला. “हे बघ. तू बस इथं, माझ्या जागी. बसून बघ.”

धाकटा सरकून बसला. त्याने बाबांच्या डोक्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे, मग पुन्हा बाबांकडे. त्याला कळायला क्षणभर लागला.

“समोरासमोर,” तो म्हणाला.

“आई सरळ. बाबा आहेत तसे. कुणाला हात लावायचा नाही.”

“पण दादा, प्रभू?” धाकट्याचा आवाज पुन्हा बारीक झाला, मात्र आता रागाने नव्हे. “सगळ्या जगाला दिसेल आणि बाबांना नाही दिसणार. तो त्यांच्या पाठीमागे उभा असेल.”

देवळात थोरला झोपा काढत आला होता. तो भावाकडे बघत राहिला, आणि त्याने पाहिलं की धाकटा बोलता बोलता थबकला आहे. दरवर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी जो उतारा तो मंडळीपुढे उभं राहून खणखणीत आवाजात वाचत आला होता, तो त्याला आत्ता या खड्ड्यात पहिल्यांदा ऐकू येत असावा.

“त्या पहिल्या सकाळीसुद्धा तो पाठीमागेच उभा होता,” धाकटा हळूहळू म्हणाला. “ती बाई प्रभूच्या रिकाम्या कबरीत वाकून बघत होती, रडत होती, आणि हा तिच्या मागे उभा. वळून पाहिलं तरी ओळखलं नाही तिने. बागेचा माळी वाटला. मग त्याने नाव घेऊन हाक मारली, तेव्हा कळलं तिला.” त्याने नाक पुसलं. बाहीवरची माती गालाला लागली. “इतकी वर्षं वाचतोय मी.”

“हाक मारल्यावर बाबा वळतील?” थोरल्याने विचारलं.

“कुणाच्या हाकेला वळलेत ते कधी?”

थोरलाही वळला नव्हता. बापाचं राहू दे, रंधा थांबला त्या सकाळी तो स्वतः वळला नव्हता. हे त्याने भावाला सांगितलं नाही, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही.

“पण आई समोर असेल,” तो म्हणाला. “तिला आधी दिसेल प्रभू. बाबांच्या खांद्यावरून सरळ दिसेल. ती सांगेल ना त्यांना. अहो, मागे बघा, कोण आलंय.”

“तिचं कधी ऐकलंय त्यांनी?”

“नाही.”

वर म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, आणि धाकट्यानेच मान वर करून त्याला सांगितलं, की आहे तसंच राहू द्या, फळी तेवढी आडवी लावायची. मग तो शिडीकडे गेला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि थोरला येत नाही असं पाहून तिथेच थांबला.

थोरला गुडघ्यांवर पुढे सरकला होता. मखमलीच्या त्या पेट्या कारखान्यात आल्या तेव्हापासून बापाशी तो एक शब्द बोलला नव्हता. आता आवाज कुठून काढायचा हेच त्याला समजेना.

“बाबा,” तो म्हणाला, “तेवढं एकदा तिचं ऐका.”